हिरवं बटण, लाल बटण

तेलंगणात थंडी पडते असं सांगितलं की हॉस्टेलमधल्या मुली हसतात. त्यांच्या डोक्यात तेलंगणा म्हणजे हैदराबाद, आणि हैदराबाद म्हणजे बिर्याणी आणि ऊन. दरवर्षी नाताळच्या सुट्टीला निघताना मी बॅगेत दोन स्वेटर कोंबते आणि ठरलेला प्रश्न येतो, "काश्मीरला चाललीस का गं?" नाही बाई, आदिलाबादला चाललेय. पैनगंगा ओलांडली की लागतं ते. १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातून आलेल्या राज्यात, मग आंध्रात, २०१४ पासून तेलंगणात. सरकारी पाट्या बदलत गेल्या, पण आमच्या गल्लीत भांडणं अजून मराठीतच होतात.

आणि थंडी खरंच पडते. पारा चार-पाच अंशांवर उतरलेला हिवाळा आमच्याकडच्या लोकांना नवा नाही. बेला, अर्ली अशा गावांची नावं एरवी कोणी घेत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत ती राज्याच्या बातम्यांत येतात. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, समुद्र लांब. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते. दुपारी स्वेटर काढून कमरेला बांधावा लागतो आणि पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. एका दिवसात वीस अंशांचा फरक. घरं मात्र उन्हाळ्यासाठी बांधलेली. उंच छत, झरोके, फरशी. घर गरम ठेवायचं असतं ही कल्पनाच त्या घरांना माहीत नाही.

अशा एका घरात, म्हणजे आमच्या घरात, माझ्या काकांनी 'स्मार्ट होम' आणलं. त्याबद्दल मला जे वाटतं ते लिहितेय. आधीच सांगते, मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, इंजिनियर नाही. पण वर्षभर या विषयावर एवढं वाचलंय की आमच्या सरांनी मला भाषाविज्ञानाच्या तासाला राउटरवर बोलताना पकडलंय.

काका कॅनडात एडमंटनला असतात. तिथे उणे तीस अंश म्हणजे साधा मंगळवार. आजी इकडे, तिला दम्याचा त्रास, आई नर्स आणि महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी, बाबांची बेला मंडलात थोडी शेती आणि हरभरा हिरवा असला की रानडुकरांच्या राखणीला त्यांच्या तिथे रात्री. मी हॉस्टेलला. म्हणजे काही रात्री आजी घरात एकटी. काकांना ते टोचायचं, आणि लांब राहणारा मुलगा जे करू शकतो ते त्यांनी केलं. दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा एक कॅमेरा, एक बोलणारा स्पीकर आणि दोन स्मार्ट प्लग घेऊन आले. आजी त्या सगळ्याला 'तुह्या काकाची पिलावळ' म्हणते. आजीच्या खोलीतला हीटर एका प्लगवर लावला. रात्री नऊला चालू, अकराला बंद, पहाटे चारला पुन्हा चालू. आजीने उठायला नको, बटण दाबायला नको. आमचे पहाटेचे चार म्हणजे काकांचे आदल्या दिवशीचे दुपारचे साडेतीन, तेव्हा ते ऑफिसात बसून फोनवर बघू शकायचे की आईच्या खोलीत ऊब आली. ही गोष्ट मला आजही सुंदर वाटते, खोटं कशाला बोलू.

मागच्या डिसेंबरात एका रात्री अडीचच्या सुमारास लाईन गेली. अर्ध्या तासाने आली. नेट आलं नाही, कारण गल्लीच्या टोकाला केबलवाल्याचा डबा बंद पडला होता. चार वाजले, हीटर लागला नाही. आजीने वाट बघितली. मग स्पीकरला सांगून बघितलं. स्पीकरने तिला इंग्रजीत काहीतरी उत्तर दिलं. नंतर आम्ही विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मले वाटलं थो सॉरी म्हनते. म्हनलं राहू दे बाप्पा, तुह्यानं होत नाई." मग ती उठली, मागच्या पडवीतून लोखंडी शेगडी आणली, कोळसा पेटवला, शेगडी खोलीत घेतली आणि वारा येतो म्हणून दार-खिडकी घट्ट लावून घेतली.

पुढचं थोडक्यात सांगते. सहा वाजता दूधवाल्याने कडी वाजवली. आजी उठून दारापर्यंत आली, कडी काढली आणि उंबऱ्यातच बसली. डोकं फुटतंय एवढंच बोलली आणि उलटी झाली. त्याने शेजारच्या मावशींना हाक मारली, मावशींनी आईला फोन केला. दोन दिवस ऑक्सिजनवर राहून आजी घरी आली. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला ती तिसऱ्या बाकावर होती, कानटोपी घालून. म्हणून मी हा लेख जरा हसत-खेळत लिहू शकतेय.

बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेपट अधिक घट्ट धरून बसतं. माणसाला गुदमरल्यासारखं वाटतही नाही, फक्त डोकं दुखतं आणि झोप येते. दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावाहून अशी बातमी येते, आणि बातमीत शेवटी 'थंडीपासून बचावासाठी' हे शब्द असतात.

आता माझा मुद्दा. काका म्हणतात, प्लग खराब नव्हता. आणि काका बरोबर आहेत. मी महिनाभर त्यांच्याशी भांडले आणि शेवटी समजलं की कुठलीच वस्तू खराब नव्हती. प्लगमध्ये वेळापत्रक साठवलेलं होतं. पण प्लगला स्वतःचं घड्याळ नसतं, म्हणजे लाईन गेल्यावरही चालत राहील असं नसतं. लाईन आली की तो आधी नेटवर जाऊन वेळ विचारतो. नेट नाही, म्हणजे किती वाजले ते त्याला माहीत नाही. चार वाजले हे त्याला कळलंच नाही. राउटर ठीक होता, त्याने सगळे दिवे लावून दाखवले. स्पीकर ठीक होता, तो प्रामाणिकपणे म्हणाला की मला जोडता येत नाही. काकांच्या फोनवर 'डिव्हाइस ऑफलाइन' अशी सूचनाही गेली होती. त्यांनी बघितली आणि बाजूला सारली, कारण आमच्याकडची लाईन जाते आणि ती सूचना आठवड्यातून तीनदा येते. रोज लांडगा आला म्हटलं तर कोण उठणार? सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि आजी उंबऱ्यात.

थंडीत उपकरणं का अडतात यावर जे काही लिहिलेलं सापडतं ते बहुतेक बर्फाच्या देशांसाठी असतं. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, दारावरची कॅमेरावाली बेल मान टाकते. हे खरं आहे, काकांच्या दारावर दर जानेवारीत घडतं. आदिलाबादला शून्य येत नाही. आमच्याकडची थंडी उपकरणाला मारत नाही, ती त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींना हात घालते. पहाटे एकाच वेळी गल्लीभर गीझर आणि हीटर लागतात, व्होल्टेज घसरतं, फ्यूज उडतो. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी थंडीत कमी साठा देते, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं घरातलं प्रत्येकजण दुसऱ्यावर सोडतो. नदीकाठच्या बाजूला धुकं असलं की कॅमेऱ्याचा रात्रीचा अवरक्त प्रकाश धुक्यावरच आपटून परत येतो आणि फोनवर दिसतो फक्त पांढरा पडदा. दव काचेवर बसतं. आमच्या जुन्या घराच्या दीड फूट मातीच्या भिंती वायफायला तशाही आवडत नाहीत.

आणि हीटर! दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्याची जाड पिन सोळा अँपिअरच्या सॉकेटसाठी असते. आजीच्या खोलीत सॉकेट होतं सहा अँपिअरचं, जुन्या बारीक वायरीवर. काकांनी आणलेल्या प्लगला पिन बसेना म्हणून बाजारातून चाळीस रुपयांचा कन्व्हर्टर आणला होता. नंतर तो काढला तेव्हा एका बाजूने तपकिरी झाला होता. म्हणजे त्या रात्री हीटर लागला असता तर सगळं ठीकच झालं असतं, हेही मी शपथेवर सांगू शकत नाही. गरम होणारी वस्तू दुरून, न बघता चालू करू नये असं हीटरबरोबरच्या कागदावर बारीक अक्षरात बहुधा छापलेलं असतं. आम्ही तो कागद खोक्यासकट पोटमाळ्यावर टाकला होता.

कोणी म्हणेल, हे गरीब देशाचं रडगाणं आहे. लाईन नीट असली तर हे प्रश्न येणार नाहीत. मलाही असंच वाटायचं. पण जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेत काय झालं ते वाचा. नेस्ट नावाचा थर्मोस्टॅट, म्हणजे घरातली ऊब सांभाळणारं भिंतीवरचं यंत्र, डिसेंबरात आलेल्या एका सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे स्वतःची बॅटरी रिकामी करून बसला. ऐन थंडीत लोकांची घरं गार पडली. लाईन होती, गॅस होता, भट्टी ठणठणीत होती. फक्त भट्टीला 'पेट' म्हणणारा झोपला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये लापेनरांता गावातल्या दोन इमारतींच्या हीटिंगच्या संगणकांवर नेटवरून भडिमार झाला. संगणक गोंधळून पुन्हा पुन्हा स्वतःला चालू-बंद करत राहिला आणि लोक थंड खोल्यांत बसले. फिनलंडला तर कोणी गरीब म्हणणार नाही.

म्हणजे प्रश्न लाईनचा नाही. प्रश्न असा की ऊब आणि माणूस यांच्यामध्ये आपण किती जण उभे केले, आणि त्यातला एक जरी गैरहजर राहिला तर माणसाला स्वतः पुढे होऊन काम उरकता येतं का.

या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या कंपनीच्या पुस्तिकेत सापडलं नाही. बाबांच्या शेतात सापडलं. त्यांच्या विहिरीवर मोबाइल स्टार्टर आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्याचं खरं स्मार्ट उपकरण तेच, फक्त त्याला कोणी स्मार्ट म्हणत नाही. डब्यात एक सिम कार्ड असतं. फोन लावायचा, पलीकडून बाई बोलते, एक दाबा, मोटार चालू. तीन फेज बरोबर आहेत का ते यंत्र आधी तपासतं, विहिरीत पाणी संपलं तर मोटार आपोआप बंद करतं आणि तसा मेसेज पाठवतं. वायफाय नको, ॲप नको, टू-जी पुरतं. नदीपलीकडे पांढरकवड्याच्या बाजूला आमचे नातेवाईक आहेत. महाराष्ट्रात शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री. रात्रीची पाळी आली की पूर्वी हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री, कुडकुडत, बॅटरी आणि काठी घेऊन जावं लागायचं. साप, विंचू, चिखलातले ओले पाय. मोटार लावण्यापुरता तो फेरा या डब्याने वाचवला. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज आहे, त्यामुळे आमच्या बाजूला त्याचा उपयोग उलटा होतो. मोटार रात्रभर चालून विहीर रिकामी होऊ नये म्हणून घरी बसून बंद करायला.

पण मला त्या डब्यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं माहितेय? त्याच्या दारावर अजूनही एक हिरवं आणि एक लाल बटण आहे. रेंज नसेल, सिमचा रिचार्ज संपला असेल, तर शेतावरचा सालगडी जातो, हिरवं बटण दाबतो, मोटार सुरू होते. त्याला पासवर्ड लागत नाही, कॅनडातल्या कोणाची परवानगी लागत नाही. ज्याने तो डबा बनवला त्याला पक्कं माहीत होतं की रेंज जाणार आहे. लाईन जाणार आहे हे गृहीत धरूनच तो बनवलाय. आमच्या प्लगवरही एक बटण होतं. मुगाच्या दाण्याएवढं, बाजूला, पांढऱ्यावर पांढरं, आणि प्लग कपाटामागे. ते दाबलं असतं तर हीटर नेटशिवायही लागला असता. आजीला ते कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी त्या सुट्टीत आजीला स्पीकरवर 'गुड मॉर्निंग' म्हणायला शिकवत होते आणि त्याचे व्हिडिओ काढत होते.

इथे आपल्या मंडळाच्या विषयावर येते. काकांनी आणलेल्या स्पीकरला इंग्रजी येतं, हिंदी येतं. आजीला पहिली नववीपर्यंतच्या बायबलच्या वर्गाएवढी येते, दुसरी बाजारापुरती. तिची बोली वऱ्हाडीकडे झुकलेली, त्यात तेलुगू शब्द पेरलेले. भर थंडीत, बसलेल्या घशाने, दम लागलेला असताना तिने काय बोलायचं होतं? आपण अंकात मराठीच्या भवितव्यावर लेख लिहितो, मीही लिहिलाय मागच्या वर्षी, त्यात अभिजात दर्जा वगैरे सगळं होतं. पण पहाटे चारला 'हीटर लाव' एवढं ज्या भाषेत म्हणता येत नाही, त्या भाषेच्या म्हाताऱ्या माणसाने थंडीत काय करायचं, हा प्रश्न त्या लेखात नव्हता. आणि मराठी आलं तरी पुस्तकातलं येईल. 'कृपया तापक सुरू करा.' आजी तशी बोलायला लागली तर मी आधी तिचा ताप बघेन.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. मंडलामंडलांत राज्य सरकारची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. सौर पट्टी, बॅटरी, एक खांब, काही सेन्सर. कडाक्याच्या पहाटेही ती आकडा पाठवतात आणि म्हणूनच बेल्याचं नाव बातमीत येतं. थंडीत टिकणारं यंत्र बनवता येतं. २०२२ च्या ऑक्टोबरात मॅटर नावाचं एक मानक आलं, त्यातली उपकरणं बाहेरच्या नेटशिवाय घरातल्या घरात एकमेकांशी बोलू शकतात. चांगली गोष्ट आहे. पण घेताना खोक्यावर काय बघायचं हे काकांसारख्या हुशार माणसालाही सुचलं नाही, कारण त्यांनी एडमंटनच्या नजरेने घेतलं. तिथे भीती बर्फाची असते. इथे काय काय होऊ शकतं हे त्यांना बारा-पंधरा वर्षांत विसरायला झालं होतं, आणि आम्ही इथे राहून सांगितलं नाही, कारण भेट आणलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. काकांच्या घरी छताला एक पांढरा वाटोळा डबा आहे, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. व्हिडिओ कॉलवर तो कित्येकदा मागे दिसलाय. त्याला नेट लागत नाही, बॅटरीवर चालतो, एकच काम करतो, बोंब मारतो. बोंब कुठल्याही भाषेत कळते. काकांनी आईसाठी सगळं आणलं आणि तो आणायचं त्यांच्या मनात आलं नाही, कारण आपली आई खोलीत शेगडी घेईल हे हीटर बसवल्यावर त्यांना शक्यच वाटलं नाही.

या वर्षीचं सांगते. वायरमनला बोलावून आजीच्या खोलीत सोळा अँपिअरचं सॉकेट नव्या जाड वायरीवर घेतलं. हीटर सरळ भिंतीत, उलटला तर बंद होणारा. बटण पलंगावरून हात पोचेल एवढ्या उंचीवर, त्यावर आईने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. राउटरला हजार-दीड हजारात मिळणारा छोटा यूपीएस लावला. प्लग दोन्ही आहेत, एकावर व्हरांड्यातला नाताळचा तारा आहे आणि दुसऱ्यावर काही नाही. अलार्म ऑनलाइन मागवला, आला, आणि पहिल्याच दिवशी बाबांनी चाचणीचं बटण दाबल्यावर शेजारच्या मावशी धावत आल्या. शेगडी पडवीतच आहे. ती मोडीत द्यायची असं आईने दोनदा म्हटलं, आजीने दोन्ही वेळा ऐकू न आल्यासारखं केलं.

काका फोनवर थोडे शांत होते. मी त्यांना म्हटलं, कॅमेरा राहू द्या, आजीला आवडतो. हे खरं आहे. ती सकाळी त्याच्यासमोर उभी राहून "जेवला का रे?" असं विचारते. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते, काका बघतात आणि मेसेज करतात. तो मेसेज तिला वाचून कोणी दाखवायचा यावर आई आणि दूधवाल्याचा वाद चालू आहे, कारण त्या वेळेला दारात तोच असतो आणि त्याला मराठी वाचता येतं हे त्याने आजीला सांगून ठेवलंय.